चिडीचूपचं मैदान

माझ्या वडिलांनी माझं मैदान चोरलं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना ऐकवलंय की आता ते म्हणताना माझा आवाजसुद्धा चढत नाही. नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं, ऑफिसात डबा खाताना सांगितलं, एकदा तर दातांच्या डॉक्टरणीला सांगितलं, अर्धं तोंड बधिर असताना. ऐकणारे हसतात. मैदान कसं चोरणार, असं विचारतात. मग मी त्यांना सांगते, पिवळ्या ऑइलपेंटने.

तसं ते मैदान नव्हतंच. डोंबिवली पूर्वेला आमची दोन इमारतींची सोसायटी. दोन्ही इमारतींच्या पाठी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये कोबा केलेली एक जागा होती, बिल्डरला तिथे काय करावं हे सुचलं नसणार म्हणून उरलेली. पाण्याच्या पंपाची खोली, गटाराचं एक डुगडुगणारं झाकण, एका कोपऱ्यात तुळशीच्या तुटक्या कुंड्या. पण तिथे ए विंगची एक भिंत होती. तळापासून वरपर्यंत एकही खिडकी नसलेली, सपाट, गिलावा शाबूत असलेली. अशी भिंत डोंबिवलीत मिळणं ही काय चीज आहे, हे तुम्ही चिडीचूप खेळलेले असाल तरच कळेल. आणि ते आम्ही चौघं सोडून जगात कुणी खेळलेलं नाही.

चौघं म्हणजे मी, समोरच्या बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण आणि तळमजल्यावरचे दोघे भाऊ. थोरला आमच्याच वर्गात होता, धाकटा दोन इयत्ता मागे.

खेळाचा शोध शाळेत लागला. आम्ही सहावीत होतो, घटक चाचणीचा आठवडा होता. दोन पेपरांच्या मध्ये अर्धा तास मोकळा मिळायचा. मैदानात दुपारच्या शाळेची मुलं रांगा लावून उभी असायची, त्यामुळे आम्हाला तिकडे फिरकायची बंदी होती. चेंडू दिसला की शिपाई जप्त करायचे, आणि त्यांनी जप्त केलेला चेंडू परत मिळाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आमच्या हातात काय, तर परीक्षेचं पॅड. पाण्याच्या टाकीमागे एक भिंत होती आणि टाकीच्या पलीकडे शिक्षकांची खोली. थोरल्याने स्वतःचे मोजे काढले, एकात एक कोंबून त्यांची गाठोडी केली आणि पॅडने भिंतीवर मारली. आवाज झाला नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या मोज्यांचा वास माझ्या पॅडला सहामाहीपर्यंत येत होता.

पुढे चेंडू सुधारला. आत मोजा, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगा, एकावर एक आडव्या-उभ्या चढवलेल्या. टप्पा गुडघ्याइतका. दोघांविरुद्ध दोघं. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक रेघ, तिच्या वर चेंडू लागला पाहिजे. मग जमिनीवर आखलेल्या चौकोनात एक टप्पा, आणि दुसऱ्या बाजूच्याने तो पॅडने परत भिंतीवर मारायचा. एवढंच. मुख्य नियम मात्र वेगळा होता. तोंडातून आवाज काढायचा नाही. हसलात, ओरडलात, "आई गं" म्हणालात की पॉइंट समोरच्यांना. टाकीपलीकडे बाई बसलेल्या असायच्या म्हणून हा नियम केलेला, पण नंतर बाई नसतानाही तो आम्हीच सोडला नाही. माझे निम्मे पॉइंट हसण्यात गेलेले आहेत.

आता, बोलायचंच नाही म्हटल्यावर भांडायचं कसं? दोन टप्पे पडले की एक, चेंडू अंगाला लागला की नाही, पाय रेषेबाहेर होता का, यावर मुलं तासतासभर गळे काढतात. आम्हाला ती सोय नव्हती. म्हणून असं ठरलं की चूक ज्याची झाली त्यानेच हात वर करायचा. दुसऱ्याची चूक कुणी दाखवायची नाही. बोटाने नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. आणि समजा एखाद्याने हात वर केलाच नाही, तर बाकीच्यांनी आपापलं पॅड पायाशी जमिनीवर ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं. त्याने हात वर केला की पॉइंट समोरच्यांचा, पॅडं उचलायची, विषय संपला. घरी जाऊन तो काढायचाही नाही.

हा प्रसंग फार वेळा आला नाही. एकदा धाकट्याच्या गुडघ्याला चेंडू लागला होता, लागल्याचं आम्हा तिघांना दिसलं होतं, आणि तो भिंतीकडे बघत पॅड गरगर फिरवत राहिला. आम्ही पॅडं खाली ठेवली. त्याच्या आईने खिडकीतून दूध प्यायला तीन हाका मारल्या. तो हलला नाही, आम्हीही हललो नाही. शेवटी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हात वर गेला. पुढच्या क्षणाला खेळ सुरू. मोठी माणसं भांडतात आणि मग वर्षानुवर्षं ते उगाळत बसतात, हे मला तेव्हापासून फार गावंढळ वाटायचं. आणि हे मी म्हणतेय, जिने एक वाक्य दातांच्या डॉक्टरणीपर्यंत पोचवलंय.

टाकीमागची जागा सातवीत गेली. तिथे शाळेने सायकली लावायला शेड बांधली. मग आम्ही बी विंगच्या गच्चीत दोन आठवडे खेळलो. तिथे एका काकूंचे पापड वाळत असायचे, आणि चेंडू कितीही मुका असला तरी पापडावर पडला की काकूंना कळायचंच. मग एका बंद पडलेल्या गिरणीमागे, मग एका क्लासच्या जिन्याखाली, जिथे टप्पा घेताना डोकं आपटायचं. आम्हाला रस्त्याने चालताना भिंती बघायची सवय लागली. आंबिवलीला मामाकडे गेले की मी आधी मामाच्या चाळीमागची भिंत तपासायचे. शाळेची सहल खडवलीला नदीवर गेली तेव्हा सगळे पाण्यात आणि आम्ही तिघं एका देवळामागे, गिलाव्यावर हात फिरवत. "पोपडे आहेत," मैत्रीण म्हणालेली. "नाही चालणार."

आणि भिंत शेवटी सापडली ती घराच्या पाठीमागे, माझ्या रोजच्या नजरेसमोर. तिथे आधी कुणी का गेलं नव्हतं, तर पावसाळ्यात पाणी तुंबायचं आणि एरवी पंपाचा आवाज असायचा. आमची टपटप झाकायला आम्हाला तर आवाज हवाच होता. सातवीच्या दिवाळीपासून आठवीच्या परीक्षेपर्यंत, पाणी तुंबायचे दिवस सोडले तर, आम्ही तिथे रोज खेळलो. त्या कोब्याचा इंच न् इंच मला पाठ होता. कुठे उतार आहे, कुठे चेंडू दबतो, झाकणावर टप्पा पडला की कुठल्या दिशेला उडतो. तीन वाजले की ए विंगची सावली कोपऱ्यात उतरायची आणि साडेचारला सर्व्हिसच्या रेषेपर्यंत यायची. एवढी एकच जागा या जगात पूर्णपणे माझी आहे, असं मला वाटायचं. घरात माझी अशी खुर्चीही नव्हती.

आता बाबा.

बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आमच्या घरात पेन्सिल कुणी शार्पनरने केली तर त्यांना बघवायचं नाही, ते ब्लेडने करून द्यायचे, टोक सुईसारखं. सोसायटीचे सेक्रेटरी तेच, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नसायचं. बोर्डावरच्या नोटिसा त्यांच्या हातच्या असायच्या. पाणी सकाळी सहा ते साडेसात, गच्चीचे दार बंद ठेवावे. अक्षर असं की लोक नोटीस पाळायचे नाहीत पण थांबून वाचायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं बेताचंच होतं. अभ्यास झाला का, आईला हाक मार, पंखा बंद कर. त्यांनी कधीतरी खाली येऊन माझा खेळ बघावा असं मला फार वाटायचं. इतकं की चांगला फटका बसला की मी आधी वर, भिंतीच्या कोपऱ्यापलीकडच्या आमच्या खिडकीकडे बघायचे.

पुढचा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. नवऱ्यालाही नाही.

आठवीची परीक्षा संपली होती. दोघे भाऊ कोकणात गावी गेलेले. रविवार होता, म्हणजे मैत्रीण केस धुणार आणि जेवणाआधी खाली उतरणार नाही. मी एकटीच भिंतीवर टपटप करत होते. मागून आवाज आला, "काय खेळ आहे हा? आम्हाला कधी ऐकूच येत नाही."

बाबा होते. चहा पिऊन आले होते, हातात वही आणि कारखान्यातली ती स्टीलची गोल डबीतली टेप.

मी त्यांना सगळं सांगितलं. भडाभडा. चौकोन, रेघ, हात वर करायचा नियम. ते मान डोलवत ऐकत होते. मग त्यांनी पायाने जमिनीवरची रेष घासून बघितली.

"ही कशाने आखता?"

"विटेच्या तुकड्याने. पण वॉचमनने पाणी मारलं की जाते."

"ऑइलपेंट मारायला हवा," ते म्हणाले. "कायमचं मैदान करून देतो तुम्हाला. पण आधी नीट मापं घ्यायला पाहिजेत. ये, हे टोक धर. शून्य भिंतीला टेकव. अंगठ्याने दाब."

मी दाबलं. ते टेप सोडत मागे मागे गेले. "ताण. सैल नको." मी ताणली. तासभर आम्ही त्या जागेची मापं घेतली, लांबी, रुंदी, झाकणापासून भिंत, पंपाच्या खोलीपासून कंपाउंड. मी त्यांना न विचारलेलंही सांगितलं. इथे पाणी साचतं. हे झाकण डुगडुगतं, त्याच्यावर वजन नाही चालणार. ह्या कोपऱ्यात दुपारी तीनपासून सावली असते, सगळ्यात आधी इथेच येते. ते सगळं लिहून घेत होते. मध्येच थांबून म्हणाले, "बारकाईने बघतेस की तू."

माझ्या आठवणीत बाबांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. मी दिवसभर हवेत होते. टेपच्या कडेने अंगठ्यावर ओरखडा उठला होता, तो मी संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा बघितला.

बाकीच्यांना सांगायचं नाही असं मीच ठरवलं. सरप्राइज. तरी राहवेना, म्हणून भाऊ गावाहून आल्यावर मी तिघांना एवढं म्हणाले, "थोडे दिवस थांबा, आपल्या मैदानाचं काहीतरी होणारे. बघाच." दोघा भावांनी खोदून खोदून विचारलं. मी ओठ मिटून हसत राहिले. मैत्रीण मात्र काही विचारत नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

मे महिन्यात आठ दिवस मी मामाकडे आंबिवलीला होते. परत आले तेव्हा गेटातच ऑइलपेंटचा वास आला. मी पिशवी जिन्यात टाकली, पॅड काढलं आणि मागे धावले.

रंग पिवळा होता. रेषा एकदम सरळ, बाबांच्याच. फक्त चौकोन एक नव्हता, नऊ होते. लांबट, शेजारी शेजारी, प्रत्येकात एक आकडा. आमच्या भिंतीवर, कमरेच्या रेघेच्या बरोबर वर, बाबांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, फक्त सभासदांच्या वाहनांसाठी. येथे खेळू नये.

तिघं आधीच तिथे उभे होते. प्रत्येकाच्या हातात पॅड. मैत्रिणीने वाकून आपलं पॅड पायाशी ठेवलं. मग थोरल्याने ठेवलं, मग धाकट्याने. मला वाटलं, वा, हे बरोबर आहे, ही चूक सोसायटीची आहे, मोठ्यांची आहे, ते हात वर करेपर्यंत आम्ही चौघं इथून हलणार नाही. मीही माझं पॅड खाली ठेवलं आणि वर आमच्या खिडकीकडे बघत उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. पंप सुरू झाला आणि बंदही झाला. मग थोरला वाकला, त्याने पॅड उचललं आणि तो निघून गेला. कुणी हात वर केलेला नसताना पॅड उचलणं, असं कधी घडलंच नव्हतं. त्याच्यामागे धाकटा गेला. मैत्रीण सगळ्यात शेवटी गेली, आणि जाताना तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं ती आता रडणार.

दुसऱ्या दिवसापासून मला कुणी हाक मारायला आलं नाही.

घरात बाबांचे नकाशे ठेवायची एक लांब पत्र्याची नळकांडी होती. त्यात आमच्या मैदानाचाही एक नकाशा असेल, हा फक्त पहिला टप्पा असेल, बाबांच्या डोक्यात दुसरी जागा असेल, असा वेडा विचार करून मी ती उघडली. ट्रेसिंग पेपरवर एकच नकाशा होता. नऊ गाळे. आणि त्यात माझं सगळं होतं. पाणी साचते. झाकण कमकुवत, वजन टाळावे. दु. ३ नंतर सावली. त्या सावलीच्या कोपऱ्यात गाळा क्रमांक एक, आणि त्याच्यापुढे कंसात आमचं आडनाव.

तेव्हा आमच्याकडे एक स्कूटर होती.

संध्याकाळी मी विचारलं. बाबा पेपर वाचत होते. "मीटिंगमध्ये ठरलं," ते म्हणाले. "मी एकटा काय करणार?"

"मीटिंग गेल्या आठवड्यात झाली. मापं तुम्ही आधीच घेतलीत. मैदान करून देतो म्हणालात."

"आवाज खाली."

"म्हणालात की नाही?"

त्यांनी पेपर घडी करून टीपॉयवर ठेवला. "तुम्ही पोरं काय, आज इथे खेळाल, उद्या तिथे. गाड्या येणार आहेत लोकांच्या. मोठी झालीस की कळेल."

मी मोठी झाले, छत्तीस वर्षांची झाले, मला अजून कळलेलं नाही. गाड्यांसाठी जागा लागते, ते कळलं. पण त्यासाठी मला बोलावून, कौतुक करून, माझ्याच अंगठ्याने टेप का दाबून धरायला लावली? सरळ सांगितलं असतं तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. त्यांना मापं घ्यायला एक माणूस हवं होतं आणि मी तिथे होते, एवढंच. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात. दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचे. त्यांना ते लक्षात आलं की नाही, याचीही खात्री नाही.

सोसायटीत तेव्हा चारच गाड्या होत्या. पाच गाळे कित्येक महिने रिकामे होते. येथे खेळू नये वगैरे ठीक आहे, पण वॉचमन दुपारी झोपायचा आणि आमच्या खेळाला आवाज नव्हता. खेळता आलं असतं. मी पॅड घेऊन दोनदा खाली उतरले, रिकाम्या पाच नंबरात उभी राहिले. कुणी आलं नाही. मी सेक्रेटरीची मुलगी म्हणून ते माझ्यावर राग काढतायत, असं मी ठरवून टाकलं. अन्याय बाबांनी केला आणि शिक्षा मला, असं ते दुहेरी फसवलं जाणं होतं. नववीत मी आणि मैत्रीण वेगवेगळ्या बाकांवर बसलो. दहावीनंतर त्यांनी घर विकलं आणि ते लोक ठाण्याला गेले.

मग नेहमीचं. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर सकाळी फुलं, वाढदिवसाचे केक, आणि एक दिवस तिचा वेगळा मेसेज. माजिवड्याला राहते, रविवारी जेवायला ये. वीस वर्षांनी मी तिला बघितलं. केस अजून तसेच, कमरेपर्यंत. जेवणाआधी ती मला त्यांचं पोडियम दाखवायला घेऊन गेली. पार्किंगच्या तीन मजल्यांवर केलेली बाग, खोटं गवत, आणि बागेच्या कडेला बोर्ड, येथे चेंडूने खेळण्यास सक्त मनाई आहे. शेजारी लिफ्टच्या डक्टची भिंत होती. सपाट, एकही खिडकी नाही. आम्ही दोघींनी एकदमच ती बघितली आणि हसलो.

"इथे चिडीचूप चाललं असतं," ती म्हणाली. "आवाजच नाही, तर पकडणार कोण?"

मला भरून आलं. आणि भरून आलं की मी जे करते तेच केलं. माझं ते वाक्य म्हटलं. "माझ्या बाबांनी आपलं मैदान चोरलं."

ती हसली नाही. "बाबांनी," एवढंच म्हणाली.

"हो मग?"

"आणि तू?"

"मी काय?"

तिने केसांचा अंबाडा सोडला, पुन्हा घातला. "अगं, मी बाल्कनीत होते त्या रविवारी. केस सुकवत. तू टेप धरलेलीस. भिंतीला टेकवून, अशी वाकून. केवढी हसत होतीस. आणि नंतर आम्हाला म्हणालेलीस, बघाच काहीतरी होणारे."

"अगं पण मला वाटलेलं की ते आपल्यासाठी..."

"आता कळतं गं. तुझे बाबा कसे होते ते बघितलंय मी. पण तेव्हा चौदा वर्षांच्या होतो आपण. मी त्या दोघांना सांगितलं. आम्ही पॅडं खाली ठेवलेली ती तुझ्यासाठी. आणि तू काय केलंस? स्वतःचं पण ठेवलंस! थोरला म्हणाला, हिची कमाल आहे."

"मग मला बोलली का नाहीस? एकदा तरी?"

"दुसऱ्याची चूक दाखवायची नाही," ती म्हणाली. "रूलच होता ना. चल, आमटी गार होईल."

जेवण चांगलं होतं. मला त्याची चव आठवत नाही.

परत येताना मी आधी तिच्यावर चिडले. बावीस वर्षं! एका मोज्याच्या चेंडूच्या नियमासाठी बावीस वर्षं तोंड शिवून बसली ही बाई. ज्या नियमाचा मला एवढा अभिमान, त्यानेही मला दगाच दिला. मग पुलावर गाड्या तुंबल्या, आणि तुंबलेल्या गाडीत माणसाला स्वतःपासून फार लांब पळता येत नाही. बाबांनी मला फसवलं, त्यातलं अक्षरही मी मागे घेणार नाही. पण पिवळ्या रेषा बघितल्या त्या क्षणी मला माझा अंगठा आठवला होता. मी तो मुठीत दाबून धरला होता. मी हात वर करून एवढंच म्हणायला हवं होतं की टेप मी धरलेली, मला फसवलं. पॉइंट त्यांचा झाला असता, पॅडं उचलली गेली असती, आणि आम्ही चौघं दुसरी भिंत शोधायला निघालो असतो. भिंती काय, कमी नव्हत्या. मला लाज वाटली म्हणून मी खिडकीकडे बघत राहिले. आणि नंतर माझी ती गोष्ट शेकडो वेळा सांगताना टेपचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं, हे मी एकदाही सांगितलं नाही.

कल्याणला घरी न जाता मी डोंबिवलीला वळले. आईबाबा अजून तिथेच राहतात. बाबांनी गाडी चालवणं सोडून सहा वर्षं झाली, गाळा क्रमांक एक रिकामा असतो आणि त्यात मी माझी गाडी लावते. हो, मीच लावते. दुपारची सावली असते तिथे.

गाडीचा आवाज ऐकून बाबा जिना उतरून आले. नेहमी येतात. मागे उभं राहून गाडी लावून द्यायला त्यांना आवडतं. हात आता थरथरतो, पण इशारे पूर्वीसारखेच नेमके. "येऊ दे. येऊ दे. डावीकडे घे. येऊ दे." मग तळहात वर. "बस."

मी उतरले. भिंतीवरचं येथे खेळू नये केव्हाच रंगाखाली गेलंय. त्याच्या खाली कमरेच्या रेघेची खूण मात्र गिलाव्यात उमटलेली दिसते, माहीत असलं तर.

"बाबा, ही पार्किंगची मापं घेतलीत ना तुम्ही, तेव्हा टेपचं दुसरं टोक कोणी धरलेलं?"

ते विचारात पडले. त्यांना खरंच आठवायचं होतं, असल्या बाबतीत ते फार चोख असतात. त्यांनी भिंतीकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, मनातल्या मनात लांबी मोजल्यासारखे ओठ हलवले.

"वॉचमनने असेल," ते म्हणाले. "हो, वॉचमनच. का गं?"

बावीस वर्षं मी ज्यांना गुन्हेगार ठरवत आले, त्यांच्या आठवणीत मी त्या जागेवर नव्हतेच. ना त्यांनी केलेलं कौतुक होतं, ना मैदान करून देतो म्हटलेलं. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. मी हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता, जसा आम्ही करायचो.

"मी धरलेली," मी म्हटलं.

मी काहीतरी दाखवतेय असं वाटून बाबांनी माझ्या हाताच्या रोखाने वर बघितलं. समोर बी विंगचा दुसरा मजला होता. मैत्रिणीच्या त्या बाल्कनीला नव्या मालकांनी काचा लावून घेतल्यात. तिथे कुणी नव्हतं.